लिटल लीग

लिटल लीग : मोठ्यांच्या बेसबॉल खेळाचे मैदान, त्यातील अंतरे व खेळाचा कालावधी मुलांच्या शक्तीच्या मानाने कमी करून, एखाद्या वस्तीतील मुलांसाठी त्याच वस्तीतील प्रौढ स्वयंसेवकांनी चालवावयाची संघटित क्रीडाव्यवस्था. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) पेनसिल्व्हेनिया राज्यातील विल्यम्सपोर्ट या शहरी १९३९ साली अवघ्या तीन संघांनिशी तिचा आरंभ झाला. ठरावीक वेळापत्रकानुसार आपापसांत सामने खेळणाऱ्या संघांच्या समूहास अमेरिकेत ‘लीग’ म्हणतात. व्यावसायिक खेळाडूंच्या ‘मेजर लीग’पुढे मुलांची ही ‘छोटी’ लीग, असा या नावाचा अर्थ होय. १९७४ पासून बेसबॉलच्या जोडीस मुलींच्या सॉफ्टबॉलचाही तीत समावेश झाला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या पाव शतकात ८० हून अधिक देशांतील सु. २० लाख मुलेमुली तीत भाग घेत होती.

स्थानिकत्व हा या व्यवस्थेचा पाया आहे. प्रत्येक लीगचे क्षेत्र नकाशावर आखून दिलेले असते व त्या क्षेत्रातील मुलांनीच तीत खेळावयाचे असते. त्यामुळे ‘वस्तीतील मूल’ कोणास म्हणावयाचे, हा वरवर साधा वाटणारा प्रश्न तिच्या इतिहासात पुनःपुन्हा उपस्थित झाला. कृष्णवर्णीय मुले, मुली, परदेशांतील मुले आणि सीमेपलीकडे राहणारी मुले यांच्या संदर्भात या प्रश्नाची जी उत्तरे वेळोवेळी देण्यात आली, त्यांतूनच लिटल लीगचे आजचे स्वरूप घडले आहे.

पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेसबॉल हा अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ मानला जाऊ लागला, परंतु मुलांच्या खेळाची स्वतंत्र व्यवस्था तेव्हा नव्हती. शहरांतील रिकाम्या जागांवर व गावाबाहेरील कुरणांत मुले जमत आणि जितके गडी असतील तितक्यांचे दोन संघ पाडून खेळत. आपल्याकडील विटीदांडू वा गल्लीतील क्रिकेट यांप्रमाणेच तेथेही जागा पाहून नियम ठरत आणि तंटे मुलेच मिटवीत. या खेळात लहान व दुबळ्या मुलांच्या वाट्यास फारसे काही येत नसे. मोठ्या मुलांनी आखलेल्या अंतरावर त्यांचा चेंडू पोहोचत नसे आणि फलंदाजीची पाळीही क्वचितच मिळे.

पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या ‘अमेरिकन लीजन’ या संघटनेने किशोरवयीन मुलांसाठी देशव्यापी बेसबॉल स्पर्धा सुरू केली. तिचा निर्णय १९२५ मध्ये साउथ डकोटा राज्यातील मिलबँक येथे घेण्यात आला. या स्पर्धेत १९२८ साली इंडियाना राज्यातील ब्लॅनफर्डच्या संघातून मार्गारेट गिझोलो ही मुलगी खेळली. तिच्याविरुद्ध नोंदविलेली तक्रार फेटाळली गेली आणि तिच्या संघाने राज्याचे अजिंक्यपदही मिळविले. परंतु पुढील वर्षापासून मुलींना बंदी करण्यात आली. पुढे लिटल लीगमध्ये घडलेल्या घटनांची ही जणू पूर्वसूचनाच होती. बारा वर्षांखालील मुलांसाठी मात्र अशी कोणतीही व्यापक संघटना या काळात नव्हती.

सॉफ्टबॉलचा उगम याहून वेगळा आहे. शिकागोतील फॅरागट बोट क्लबमध्ये १८८७ च्या नोव्हेंबरात जॉर्ज हॅन्कॉक याने मुष्टियुद्धाचा हातमोजा बांधून त्याचा चेंडू केला व झाडूच्या दांड्याने छपराखाली बेसबॉल खेळविला. मोठा चेंडू, आखूड मैदान आणि खांद्याखालून चेंडू फेकण्याची पद्धत यांमुळे हा खेळ लहान जागेत व अल्प खर्चात खेळता येई. ‘सॉफ्टबॉल’ हे नाव वॉल्टर हॅकनसन याने १९२६ मध्ये सुचविले. १९३३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मोठी स्पर्धा भरली व त्याच वर्षी या खेळाची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. आर्थिक मंदीच्या त्या काळात कारखाने, चर्च व मोहल्ले यांच्या संघांमुळे तो झपाट्याने पसरला आणि स्त्रियांतही लोकप्रिय झाला.

आरंभ : लिटल लीगचा संस्थापक कार्ल स्टॉट्झ (१९१०–९२) हा विल्यम्सपोर्टचा रहिवासी होता. १९३८ साली घरामागील अंगणात भाच्यांशी चेंडू खेळत असता झुडपात शिरलेला चेंडू काढताना त्याच्या पायास खरचटले. तो पायरीवर विसावला असताना, या मुलांसाठी त्यांच्या मापाचे मैदान, त्यांचा स्वतःचा गणवेश आणि खरे सामने असावेत, ही कल्पना त्यास सुचली, असे सांगितले जाते. त्या उन्हाळ्यात त्याने शेजारच्या मुलांना जमवून निरनिराळी अंतरे प्रत्यक्ष खेळवून पाहिली. टोलविलेला चेंडू क्षेत्ररक्षकाने अडवून पहिल्या बेसकडे फेकला, तर धावणारा मुलगा थोडक्यात बाद व्हावा वा थोडक्यात बचावावा, असे अंतर त्यास हवे होते. कारण मोठ्यांच्या खेळातील चुरस नेमकी त्या क्षणातच असते.

संघांचा खर्च उचलण्यास स्थानिक व्यापारी सहजासहजी तयार नव्हते. अनेकांच्या नकारानंतर लायकमिंग डेअरी या दुग्धसंस्थेने होकार दिला व पाठोपाठ लंडी लंबर ही लाकडाची वखार आणि जंबो प्रेट्झेल ही खाद्यपदार्थांची कंपनी पुढे आली. प्रत्येक संघाच्या गणवेशासाठी ३० डॉलर पुरेसे झाले. ६ जून १९३९ रोजी पहिला सामना होऊन लंडी लंबरने लायकमिंग डेअरीचा २३–८ असा पराभव केला. स्टॉट्झ तसेच जॉर्ज व बर्ट बेबल हे बंधू या तीन संघांचे पहिले व्यवस्थापक होते. छातीवर गावातील दुकानाचे वा कारखान्याचे नाव मिरविणारे मुलांचे संघ ही अमेरिकन गावांतील परिचित प्रथा पुढे या व्यवस्थेमुळे सर्वत्र रूढ झाली.

खेळाचे स्वरूप : बेसबॉलच्या मैदानावर चार बेस चौकोनाच्या कोपऱ्यांवर असतात. मोठ्यांच्या खेळात दोन बेसमधील अंतर ९० फूट (२७.४३ मी.) असते, लिटल लीगमध्ये ते ६० फूट (१८.२९ मी.) ठेवण्यात आले. पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, मोठ्यांच्या मैदानावर फलंदाजाकडील बेसपासून ६० फूट ६ इंचांवर (१८.४४ मी.) असतो, मुलांसाठी हे अंतर सुरुवातीस याहून बरेच कमी होते व पुढे ४६ फूट (१४.०२ मी.) असे निश्चित झाले. डावांची संख्या नऊऐवजी सहा करण्यात आली. मुख्य विभागाची वयोमर्यादा १२ वर्षांची आहे. पिचरने फेकलेला चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचेपर्यंत धावकाने बेस सोडावयाचा नसतो. चेंडू मात्र आकाराने व वजनाने मोठ्यांच्या चेंडूसारखाच असतो.

मुलांच्या सुरक्षिततेकडे संघटनेने लक्ष पुरविले. शरीरक्रियाविज्ञानाचे अभ्यासक क्राइटन हेल १९५५ मध्ये संघटनेत संशोधनप्रमुख म्हणून आले. चेंडू येण्यास लागणारा वेळ व मुलाची प्रतिक्रियेची गती यांचा त्यांनी अभ्यास केला. दोन्ही कानांचे रक्षण करणारे फलंदाजाचे शिरस्त्राण सु. १९६० मध्ये त्यांच्याच प्रयत्नाने प्रचारात आले. पुढे लहान वयात अतिरेकी चेंडूफेक केल्याने होणाऱ्या कोपराच्या व खांद्याच्या दुखापती वाढल्याचे शल्यचिकित्सकांच्या ध्यानात आले. परिणामी २००७ पासून पिचरने किती डाव खेळावेत याऐवजी किती चेंडू फेकावेत यावर मर्यादा घालण्यात आली. ११ व १२ वर्षांच्या मुलांसाठी ती दिवसास ८५ चेंडूंची असून, त्यानंतर चेंडूंच्या संख्येनुसार सक्तीची विश्रांती असते. संघातील प्रत्येक मुलास ठरावीक काळ क्षेत्ररक्षण व किमान एकदा फलंदाजी मिळालीच पाहिजे, हा नियमही महत्त्वाचा आहे. रिकाम्या जागेवरील खेळात मागे पडणाऱ्या मुलाची सोय त्यात साधली गेली.

स्थानिक संघटना : प्रत्येक लीग मध्यवर्ती संघटनेकडून दरवर्षी सनद घेते. पालक व नागरिक यांतून निवडलेले तिचे कार्यकारी मंडळ विनावेतन काम करते. व्यवस्थापक, प्रशिक्षक, पंच व गुणलेखक हेही बहुधा स्वयंसेवकच असतात. वसंत ऋतूच्या आरंभी मुलांची नावनोंदणी व चाचणी होते. नंतर व्यवस्थापक आळीपाळीने एकेक मुलगा निवडतात, त्यामुळे चांगले खेळाडू एकाच संघात एकवटत नाहीत. नोंदणी शुल्क, पुरस्कर्त्यांच्या देणग्या आणि मैदानालगतच्या खाद्यपदार्थांच्या टपरीचे उत्पन्न यांवर खर्च भागतो. मैदान पुष्कळदा नगरपालिकेच्या वा शाळेच्या मालकीचे असते. गवत कापणे, रेषा आखणे, कुंपण दुरुस्त करणे ही कामे पालकच करतात. लीगचे सामने जूनअखेरपर्यंत बहुतेक आटोपतात. त्यानंतर प्रत्येक लीग आपल्या निवडक खेळाडूंचा एक संघ जिल्हा, राज्य, विभाग अशा चढत्या स्पर्धांसाठी पाठविते. या दोन टप्प्यांचा स्वभाव भिन्न आहे : पहिल्यात सर्वांना संधी देणे हा हेतू असतो, तर दुसऱ्यात जिंकणे हा. लिटल लीगविषयीचे बहुतेक वाद या दुसऱ्या टप्प्यातून उद्‌भवले आहेत.

विस्तार व संस्थापकाचा वियोग : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चळवळीची वाढ मंदावली होती. १९४६ मध्ये केवळ १२ लीग होत्या व त्या सर्व पेनसिल्व्हेनियातच होत्या. १९४७ साली न्यू जर्सी राज्यातील हॅमंटन येथे राज्याबाहेरील पहिली लीग स्थापन झाली. त्याच वर्षी विल्यम्सपोर्ट येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली व ती स्थानिक मेनार्ड संघाने जिंकली. पुढे हीच स्पर्धा ‘लिटल लीग वर्ल्ड सीरीज’ या नावाने प्रसिद्धीस आली. युद्धोत्तर काळात जन्मप्रमाण वाढले, शहरांभोवती नवी उपनगरे वसली आणि तेथील अनोळखी कुटुंबांना एकत्र येण्यास निमित्त हवे होते. मुलांचा संघ हे असे निमित्त ठरले. नियतकालिके व वार्तापट यांतून प्रसिद्धी मिळताच १९४९ पर्यंत लीगांची संख्या तीनशेवर गेली.

या विस्तारास भांडवल लागले व ते यू. एस. रबर या कंपनीकडून १९४८ पासून मिळू लागले. १९५२ साली कंपनीचे एक अधिकारी पीटर मॅकगव्हर्न संघटनेचे पूर्णवेळ अध्यक्ष झाले. कार्यालय वाढले, नियम छापील झाले, राष्ट्रीय स्पर्धेचे स्वरूप भव्य होत गेले व १९५३ पासून ती दूरचित्रवाणीवरही दिसू लागली. आपल्या कल्पनेवर कंपनीची व मध्यवर्ती कार्यालयाची पकड बसून स्थानिक लीगांचा अधिकार मागे पडत आहे, असे स्टॉट्झला वाटू लागले. मतभेद विकोपास जाऊन १९५५ मध्ये प्रकरण न्यायालयात गेले व पुढील वर्षी तडजोड झाली. परंतु संस्थापक संघटनेतून कायमचा बाहेर पडला. विल्यम्सपोर्टमधील जुन्या मैदानावर तो व त्याचे सहकारी ‘ओरिजिनल लीग’ या नावाने मुलांचा खेळ स्वतंत्रपणे चालवीत राहिले. १९५९ मध्ये वर्ल्ड सीरीज नदीपलीकडील साउथ विल्यम्सपोर्ट येथील नव्या मैदानावर गेली. एकीकडे जगभर पसरलेली संघटना आणि तिच्यापासून काही मैलांवर तिच्याच संस्थापकाची गावापुरती लीग, असे चित्र त्यानंतर अनेक वर्षे दिसत होते.

लिटल लीगच्या यशामुळे मोठ्या वयोगटांसाठीही संघटना निघाल्या. १९५१ मध्ये पेनसिल्व्हेनियात ‘पोनी’ आणि न्यू जर्सीत ‘बेब रूथ लीग’ सुरू झाल्या. १९६४ साली अ. सं. सं.च्या काँग्रेसने लिटल लीगला खास कायद्याने सनद दिली व तिला अर्धराष्ट्रीय प्रतिष्ठा लाभली.

वर्णभेदाचा प्रश्न : लिटल लीगच्या नियमांत वर्णभेदास स्थान नव्हते, तथापि दक्षिणेकडील राज्यांत वस्त्या, शाळा व मैदाने विभक्त असल्यामुळे लीगही विभक्त होत्या. साउथ कॅरोलायना राज्यातील चार्ल्स्टन येथे कॅनन स्ट्रीट वाय. एम. सी. ए. या संस्थेने कृष्णवर्णीय मुलांची लीग रीतसर सनद घेऊन स्थापन केली व १९५५ साली आपला निवडक संघ स्पर्धेत उतरविला. सार्वजनिक शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणारा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आदल्याच वर्षी झाला होता. त्याविरुद्धचा गौरवर्णीयांचा रोष या अकरा-बारा वर्षांच्या मुलांवर निघाला. राज्यातील पदाधिकाऱ्याने केवळ गौरवर्णीयांसाठी वेगळी स्पर्धा मागितली. मध्यवर्ती संघटनेने ती नाकारताच राज्यातील अन्य सर्व लीग बाहेर पडल्या आणि त्यांनी वेगळी संघटना उभारली. तीच पुढे ‘डिक्सी यूथ बेसबॉल’ या नावाने दक्षिणेत पसरली.

प्रतिस्पर्धीच न उरल्यामुळे कॅनन स्ट्रीटचा संघ न खेळता विजयी ठरला. परंतु प्रत्यक्ष सामने खेळून न जिंकलेल्या संघास पुढील फेरीत प्रवेश नाही, या नियमावर बोट ठेवून त्यास विभागीय स्पर्धेत खेळू दिले नाही. वर्णभेद अमान्य करणाऱ्या संघटनेनेच अशा रीतीने वर्णभेदाच्या बळींना दाराबाहेर ठेवले. या मुलांना विल्यम्सपोर्टला पाहुणे म्हणून बोलाविण्यात आले. मैदानावर त्यांनी थोडा सराव केला तेव्हा त्यांना खेळू द्या, असा घोष प्रेक्षकांनी केला. पण अंतिम सामना त्यांना प्रेक्षकांत बसूनच पाहावा लागला. २००२ साली संघटनेने त्यांना १९५५ चे राज्य अजिंक्यपद दिले. तेव्हा ती मुले साठीकडे झुकली होती.

त्याच उन्हाळ्यात फ्लॉरिडा राज्यात निराळे घडले. पेन्साकोला येथील कृष्णवर्णीय मुलांचा संघ तेथेही इतरांच्या माघारीमुळे राज्य स्पर्धेपर्यंत पोहोचला होता. ऑर्लँडोच्या गौरवर्णीय संघापुढेही माघारीचा पर्याय होता. परंतु त्याने खेळण्याचे ठरविले. ऑर्लँडोने हा सामना जिंकला. दक्षिणेतील मुलांच्या बेसबॉलच्या इतिहासात हा सामना महत्त्वाचा मानला जातो. सारखाच नियम, सारखीच परिस्थिती आणि दोन गावांतील प्रौढांनी घेतलेले भिन्न निर्णय यांचा हा बोलका दाखला आहे.

मुलींचा प्रवेश व सॉफ्टबॉल : १९५० साली न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंग येथे कॅथ्रिन जॉन्स्टन ही मुलगी केस कापून व मुलाचे टोपणनाव घेऊन संघात शिरली. नंतर तिने खरा प्रकार सांगितला, तरी व्यवस्थापकाने तिला संघात ठेवले व ती हंगामभर खेळली. पुढील वर्षी मात्र कोणत्याही परिस्थितीत मुली पात्र नाहीत, असा नियम करण्यात आला व तो सु. दोन तपे टिकला.

१९७२ मध्ये न्यू जर्सी राज्यातील होबोकन येथे मारिया पेपी ही बारा वर्षांची मुलगी तीन सामने खेळली. तिला न वगळल्यास गावाच्या लीगची सनद काढून घेतली जाईल, असे मध्यवर्ती कार्यालयाने कळविल्यावर तिला संघ सोडावा लागला. ‘नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन’ या स्त्रीसंघटनेने तिच्या वतीने राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे तक्रार केली. मुलींची हाडे मुलांच्या मानाने नाजूक असतात, अशी साक्ष संघटनेतर्फे क्राइटन हेल यांनी दिली. सुनावणी अधिकारी सिल्व्हिया प्रेसलर यांनी १९७३ च्या अखेरीस मुलींच्या बाजूने निर्णय दिला व १९७४ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने तो कायम केला.

या खटल्यातील कायद्याचा मुद्दा मूलभूत होता. लिटल लीग हे आपल्या सभासदांपुरते खाजगी मंडळ आहे की सर्वांना खुली असलेली सार्वजनिक सोय आहे, याचा निवाडा व्हावयाचा होता. सार्वजनिक मैदाने वापरणारी व परिसरातील सर्व मुलांना आवाहन करणारी संस्था सार्वजनिकच होय, असे ठरले. न्यू जर्सीतील अनेक लीगांनी मुलींना घेण्यापेक्षा त्या वर्षीचा खेळच थांबविणे पसंत केले. परंतु विरोध टिकला नाही. जून १९७४ मध्ये संघटनेने नियम बदलला व डिसेंबरात तिच्या सनदेच्या कायद्यातून ‘मुलगे’ हा शब्द आणि ‘पौरुष’ हे उद्दिष्ट वगळण्यात आले.

त्याच वर्षी संघटनेने मुलींसाठी सॉफ्टबॉलचा स्वतंत्र विभाग सुरू केला. त्याचा परिणाम दुहेरी झाला. शिक्षणसंस्थांतील लिंगभेदास मनाई करणाऱ्या १९७२ च्या संघराज्यीय कायद्यामुळे शाळा-महाविद्यालयांत मुलींचे सॉफ्टबॉल संघ वाढत होते, शिष्यवृत्त्याही मिळू लागल्या होत्या. वस्तीतील लीगमुळे त्या संघांस लहानपणापासून तयार झालेल्या खेळाडू मिळू लागल्या. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या सॉफ्टबॉलचा समावेश झाला. दुसऱ्या बाजूने पाहता, जी मैदाने न्यायालयाने मुलींना खुली केली तेथून त्यांना शेजारच्या मैदानाकडे वळविण्यात आले. बेसबॉल खेळणाऱ्या मुलींचे प्रमाण अल्पच राहिले. वर्ल्ड सीरीजमध्ये पहिली मुलगी १९८४ साली बेल्जियममधील ब्रुसेल्सच्या संघातून खेळली. २०१४ मध्ये फिलाडेल्फियाच्या मोने डेव्हिस या मुलीने पिचर म्हणून प्रतिस्पर्ध्यास एकही धाव न देता सामना जिंकला, तेव्हा या प्रश्नाकडे पुन्हा देशाचे लक्ष वेधले. अपंग मुलांसाठीचा ‘चॅलेंजर’ विभाग १९८९ पासून सुरू आहे.

परदेशांतील प्रसार : १९५० च्या सुमारास पनामा कालव्याच्या परिसरात व पाठोपाठ कॅनडात लिटल लीग पोहोचली. मेक्सिकोतील माँतेरेईच्या मुलांनी १९५७ साली सीमा पायी ओलांडून टेक्सस राज्यात प्रवेश केला. एकामागून एक सामने जिंकत हा संघ विल्यम्सपोर्टला पोहोचला. अंतिम सामन्यात आंखेल मासीआस याने कॅलिफोर्नियातील ला मेसाच्या संघाच्या एकाही फलंदाजास पहिल्या बेसपर्यंत पोहोचू दिले नाही. वर्ल्ड सीरीजच्या अंतिम सामन्यातील असा पराक्रम अन्य कोणास साधलेला नाही.

पुढील काळात आशियाई संघांचे वर्चस्व प्रस्थापित झाले. १९६७ व १९६८ मध्ये जपानने, तर १९६९ मध्ये तैवानने अजिंक्यपद मिळविले. १९९६ पर्यंत तैवानने ही स्पर्धा १७ वेळा जिंकली. राजनैतिक दृष्ट्या एकाकी पडत चाललेल्या त्या देशात या मुलांचे विजय राष्ट्रीय सण ठरले. १९७१ ते १९७४ अशी सलग चार अजिंक्यपदे तैवानकडे गेल्यावर १९७५ च्या स्पर्धेत परदेशी संघांना मज्जाव करण्यात आला. टीका झाल्यावर तो एका वर्षातच उठविला गेला. १९७६ पासून स्पर्धेचे अमेरिकन व आंतरराष्ट्रीय असे दोन गट पाडण्यात आले, त्यामुळे अंतिम सामन्यात एक अमेरिकन संघ असणारच अशी तजवीज झाली. स्पर्धेतील संघांची संख्या २००१ मध्ये १६ व २०२२ मध्ये २० झाली. लीगचे क्षेत्र व शाळा यांविषयीच्या नियमांवरून तैवानने १९९७ मध्ये काही काळासाठी माघार घेतली होती. २०२५ साली त्याने अठराव्यांदा अजिंक्यपद मिळविले. २०११ मध्ये पात्र ठरलेल्या युगांडाच्या संघास कागदपत्रांतील विसंगतींमुळे अमेरिकेचा व्हिसा मिळाला नाही. पुढील वर्षी मात्र युगांडातील लुगाझीचा संघ आफ्रिकेचा पहिला प्रतिनिधी म्हणून विल्यम्सपोर्टला खेळला.

महाराष्ट्रात सॉफ्टबॉल प्रामुख्याने शालेय व आंतरविद्यापीठीय स्पर्धांतून खेळला जातो. तेथे संघाचा आधार शाळा वा महाविद्यालय हा असतो. वस्तीतील पालकांनी चालविलेली लीग हा अमेरिकन प्रकार येथे रुजलेला नाही.

सीमा व वय यांचे वाद : स्थानिकत्वाचा नियम लहान गावास मोठ्या शहराशी बरोबरीने खेळू देतो, कारण कोणत्याच लीगला बाहेरचे खेळाडू आणता येत नाहीत. साहजिकच जिंकण्याची ईर्षा वाढली की हाच नियम प्रथम मोडला जातो. १९९२ साली फिलिपीन्सच्या झाम्बोआंगा संघाचे अजिंक्यपद, त्यात शहराबाहेरील व अधिक वयाची मुले असल्याचे उघडकीस आल्यावर रद्द झाले. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातील संघाचा तेजस्वी पिचर बारा नव्हे, तर चौदा वर्षांचा असल्याचे निष्पन्न झाले व संघाचे सर्व विजय रद्द करण्यात आले. २०१४ मध्ये शिकागोच्या ‘जॅकी रॉबिन्सन वेस्ट’ या संघाने अमेरिकन गटाचे अजिंक्यपद मिळविले. हा सर्व कृष्णवर्णीय मुलांचा संघ होता. क्षेत्राचा नकाशा बदलून बाहेरची मुले घेतल्याच्या कारणाने पुढील वर्षी ते काढून घेण्यात आले. या सर्व प्रकरणांत कागदपत्रे व नकाशे प्रौढांनी बनविले होते. विजय मात्र मुलांना गमवावे लागले.

मूल्यमापन : लिटल लीगवर टीकाही आरंभापासून होत आली आहे. तीत खेळून मेजर लीगपर्यंत पोहोचलेला पहिला खेळाडू जोई जे याने १९६५ साली एका लेखाद्वारे पालकांच्या अतिउत्साहाविरुद्ध इशारा दिला. १९७६ च्या ‘द बॅड न्यूज बेअर्स’ या चित्रपटाने मुलांच्या खेळातील प्रौढांच्या ईर्षेचे उपरोधिक चित्रण केले. मुलांनी स्वतः संघ पाडणे, नियम ठरविणे व भांडणे मिटविणे यांतून मिळणारे शिक्षण संघटित खेळात हरवते, हा मानसशास्त्रज्ञांचा आक्षेप गंभीर आहे. समाजशास्त्रज्ञ गॅरी ॲलन फाइन यांच्या १९८७ मधील अभ्यासातून याची दुसरी बाजू दिसते : प्रौढांच्या देखरेखीखालीही मुले आपली टोपणनावे, थट्टामस्करी व संकेत यांची वेगळी सृष्टी निर्माण करतात. खेळाचे नियम प्रौढांचे असले, तरी खेळाचा अर्थ मुलेच ठरवितात, असा त्याचा आशय होय.

विसाव्या शतकाच्या अखेरीस सहभागी मुलांची संख्या शिखरास पोहोचली आणि पुढे घटत गेली. फुटबॉलसारख्या अन्य खेळांचे आकर्षण, शहरांतील मोकळ्या जागांची टंचाई आणि पालकांच्या हाती उरणारा अल्प वेळ ही त्याची काही कारणे होत. मात्र निवडक मुलांना मोठे शुल्क आकारून गावोगावच्या स्पर्धांना नेणारे खाजगी फिरते संघ, हे सर्वांत महत्त्वाचे कारण मानले जाते. या संघांस सीमा नसते व दुबळ्या मुलास खेळविण्याचे बंधनही नसते. ज्यांस परवडते ती कुशल मुले तिकडे जातात आणि वस्तीच्या लीगमध्ये उरलेल्यांसाठी स्वयंसेवक मिळणे कठीण होते.

स्टॉट्झने अंतरे मोजली ती सामान्य मुलास धावता यावे म्हणून. राष्ट्रीय स्पर्धेचे आकर्षण त्याच्या हयातीतच या हेतूहून मोठे झाले. तरीही दरवर्षी वसंतात लीगच्या मैदानांवर उतरणाऱ्या मुलांपैकी अगदी थोडीच विल्यम्सपोर्टला पोहोचतात. बाकीच्यांचा खेळ जूनच्या अखेरीस आपल्याच वस्तीत, आपल्याच आईवडिलांनी आखलेल्या रेषांमध्ये संपतो. कृष्णवर्णीय मुले, मुली व अपंग मुले यांना त्या रेषांच्या आत घेण्यास या संघटनेस अनेकदा न्यायालयाची वा लोकमताची सक्ती लागली. परंतु एकदा आत घेतल्यावर प्रत्येक मुलास पाळी देण्याचा तिचा मूळ नियम त्यांनाही लागू झाला. लिटल लीगचे सामाजिक महत्त्व तिने घडविलेल्या नामवंत खेळाडूंपेक्षा या नियमात अधिक आहे.